शेवंताच्या ओसरीवर सात गोळ्या

प्रिय नोएल आणि रिया,

तुमच्या आईने दोनदा फोनवर सांगितलं, "आई, त्या टीबीच्या दिवसांचं एकदा लिहून काढा. मुलांना वाटतं, आजी जन्मापासून अशीच ठणठणीत." मी हो म्हणाले आणि चार महिने कागदाला हात लावला नाही. आजाराविषयी लिहायला मला संकोच नाही. पण त्याच सहा महिन्यांत माझी एक जुनी चूक उघडी पडली. ती वगळली तर उरतं ते नुसतं गोळ्यांचं वेळापत्रक. म्हणून दोन्ही लिहिते. आमच्याकडे अजूनही हा आजार झाला की माणसं तोंड लपवतात. तुमच्याखेरीज आणखी कोणी हे वाचलं तर मला चालेल.

खोकला

तेव्हा नोएल चार वर्षांचा होता आणि रियाचा जन्म व्हायचा होता. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेतून निवृत्त होऊन मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या घरात एकटीच राहत होते. पाचला उठणं, प्रार्थना, अंगण झाडणं, सातला चहा. सगळं घड्याळाप्रमाणे चालायचं.

धानाची मळणी सुरू झाली की इथल्या राईस मिलचा कोंडा गावभर उडतो आणि अर्धं गाव खोकत असतं. मीही खोकू लागले तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मळणी संपली, गाव खोकायचं थांबलं, मी थांबले नाही. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज ढगळ होऊ लागले. दुसरी एखादी बाई घाबरली असती. मी मशीनवर बसून सहाच्या सहा ब्लाउज आत घेतले, टीप अगदी सरळ घातली आणि कपाटात घडी करून ठेवले. का ढगळ झाले, हा प्रश्न मनात आलाच नाही.

मग एका रविवारी चर्चच्या चार पायऱ्या चढताना मला मध्येच बसावं लागलं. पाळकसाहेब धावत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बसमध्ये घालून चंद्रपूरला नेलं.

एक्स-रे झाला, थुंकी तपासली. डॉक्टर तरुण होता. मी इंग्रजीची शिक्षिका होते हे कळल्यावर तो इंग्रजीत बोलू लागला. इंग्रजीतून सांगितलं तर भीती कमी वाटते, असं त्याला वाटलं असावं. क्षय आहे आणि उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालं आहे, असं तो म्हणाला.

मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? वाचेन का, असं नाही. मी विचारलं, "हे कोणाकोणाला कळवावं लागेल?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग मराठीत म्हणाला, "आजी, तुम्ही बऱ्या होणार आहात. सहा महिने गोळ्या चुकवू नका, बस."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाळकसाहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी तोंड न लावता वरून प्यायले. त्या दिवसापासून मी स्वतःलाच दूर ठेवू लागले.

अकरा दिवस

पाणी काढण्यासाठी मला अकरा दिवस भरती व्हावं लागलं. पाठीत सुई घालतात तेव्हा पुढे वाकून उशी घट्ट धरायची असते. तेवढं लक्षात ठेवलं की ते सोसवतं. सुईपेक्षा वाट बघणं अवघड होतं. सकाळी फिनाईलने फरशी पुसली जाई, मग चहाची किटली, मग डॉक्टरांची फेरी. फेरी झाली की दिवस संपल्यासारखा वाटायचा आणि तेव्हा फक्त साडेदहा वाजलेले असायचे.

शेजारच्या खाटेवर सायराबी होती, बल्लारपूरच्या एका शिंप्याची बायको. ती मला पहिल्या दिवसापासून न्याहाळत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"टीचरबाई, चादर किती बार ठीक करता? मरीज आहात का इन्स्पेक्टर?"

मी हसले आणि खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेपर्यंत ती माझी पाठ चोळत होती. माझ्या घराच्या फाटकापर्यंत येऊन परत जाणारे लोक मी पुढे पुष्कळ पाहिले. सायराबीचा तो हात म्हणून लक्षात राहिला.

तिची ही दुसरी खेप होती. "पहिल्या टाइमले दोन महिन्यांत बरं वाटलं, न मी देल्या सोडून गोळ्या," ती म्हणाली. "आता सुया घेऊन राह्यली. मह्या नवऱ्यानं डोकं धरलं. तुम्ही असं करू नका टीचरबाई. एकबार औषध रुसलं ना, मंग मनवता येत नाई."

तुमच्या बाबांचे फोन वॉर्डातल्या नर्सच्या टेबलावर येत. मी नागपूरच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात जावं, असा त्यांचा हट्ट होता. मी नको म्हणाले. "तू नेहमी तुझंच खरं करतेस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दूर असलेल्या माणसाची भीती रागासारखी ऐकू येते. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

माझ्या नावाची पेटी

घरी परतल्यावर आरोग्य केंद्राचा कर्मचारी आला. नव्या पद्धतीत गोळ्या रोग्याच्या हातात देत नसत. प्रत्येकाच्या नावाची एक पेटी असे आणि ती वस्तीतल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवलेली असे. पहिले दोन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथे जायचं आणि त्या माणसासमोर गोळ्या गिळायच्या. पुढचे चार महिने दर सोमवारी जायचं, बाकीच्या घरी घ्यायच्या.

"तुमची पेटी अंगणवाडीवाल्या शेवंताबाईकडे ठेवली आहे," तो म्हणाला. "चार घरं सोडून. तुम्हाला चालायचा त्रास नाई."

मी विचारलं, "दुसरीकडे नाही का ठेवता येणार?"

"काऊन? काही प्रॉब्लेम आहे का?"

प्रॉब्लेम असा होता की शेवंताशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. पण हे त्याला सांगायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "नाही, काही नाही."

शेवंता आमच्याच चर्चच्या मंडळीतली. तिचं माहेर तलावाकाठच्या ढिवरांचं. तिचे भाऊ अजूनही जाळी टाकतात. लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिने बाप्तिस्मा घेतला. नवरा बल्लारपूरला कागद कारखान्यात होता. ही इथे अंगणवाडी चालवायची.

आता आमचा रिवाज सांगते, कारण तुम्ही तो पाहिलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षाचा रस सगळे वाटून घेतात. आदल्या शनिवारी चार-पाच बायका मेजाची तयारी करतात. कापड धुऊन इस्त्री करायचं, मनुका उकळून रस गाळायचा, पावाचे तुकडे करायचे. वीस वर्षं ती तयारी माझ्या देखरेखीखाली होत असे. आणि त्याच्याही आधी, शुक्रवारी संध्याकाळी, तयारीची सभा असते. प्रार्थना झाली की पाळकसाहेब विचारतात, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का?" मग शांतता. ज्याचं बिनसलेलं असेल तो उठतो, त्या माणसाजवळ जातो, हात धरतो. समेट झाल्याशिवाय मेजापाशी यायचं नाही. शेतातल्या धुऱ्याच्या हद्दीवरून भांडलेले दोन भाऊ त्या शांततेत उठून एकमेकांच्या गळ्यात पडलेले मी लहानपणी पाहिले आहेत.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी हातांच्या स्वच्छतेवरून मी शेवंताला सूचना केली. माझ्या आठवणीत ती सूचनाच होती. ती भडकली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "तुमच्या हातात शास्त्र नाई बाई, छडी आहे!" आणि निघून गेली. त्यानंतर ती तयारीच्या सभेला आलीच नाही. रविवारी मागच्या बाकावर बसायची आणि मेजावरचं पांढरं कापड काढायच्या आधी उठून जायची. मी दर महिन्याला ते बघत असे आणि मनात म्हणत असे, अपराधी मन आहे, टिकणार कसं?

शुक्रवारच्या शांततेत मी डोळे मिटून बसत असे. उठायची पाळी तिची आहे, याविषयी मला काडीची शंका नव्हती. ती नसली तरी मी रविवारी पुढच्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी प्रभुभोजन घेत असे.

ओसरी

पहिल्या सोमवारी साडेनऊला मी तिच्या ओसरीवर गेले. आत मुलं एका सुरात अंक म्हणत होती. शेवंता बाहेर आली. तिने पेटी उघडली, गोळ्यांची पत्ती फोडली आणि सात गोळ्या एका बशीत माझ्यापुढे ठेवल्या.

"घ्या."

मी घेतल्या.

"तोंड उघडा."

हा नियमच होता. पण चाळीस वर्षं मुलांना तोंड उघडायला लावलेल्या मला ते किती जड गेलं असेल, विचार करा. मी तोंड उघडलं. तिने पाहिलं आणि कार्डावर खूण केली.

"झालं. बुधवारी."

चार आठवडे आमचं संभाषण एवढंच होतं.

या गोळ्यांनी लघवी लालभडक होते. ते रक्त नसतं. हे मुद्दाम लिहिते, कारण मला कोणी सांगितलं होतं तरी मी घाबरले होते. दुसरा त्रास मळमळीचा. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी तिच्या अंगणात ओकाऱ्या काढत बसले. पुढच्या खेपेपासून गोळ्यांच्या आधी एक वाटी भाताची पेज पुढे येऊ लागली, वर मिठाची कणी. "हे खा पहिले," एवढंच. पेज पोटात असली की गोळ्या टिकायच्या. आणखी एक गोष्ट मी पाहत होते. ती वाटी आणि तो पेला ती घरातल्या इतर भांड्यांबरोबरच घासायची. आपल्या मंडळीतल्या दोघी-तिघी तेव्हा माझ्याशी फाटकाबाहेरून, पदर नाकाला लावून बोलत होत्या.

महिन्याभरात ताप गेला. वजन दीड किलोने वाढलं. मला वाटू लागलं, ही बाई मनातून शरमली आहे, म्हणून सेवा करते आहे. बिचारीला मोकळं करावं.

मी क्षमा करायला गेले

रविवारी दुपारी बसून मी काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, दोनदा सुधारलं आणि पाठ केलं. सोमवारी गोळ्या घेऊन झाल्यावर मी म्हणाले, "शेवंता, जरा बस. मला काही बोलायचं आहे."

ती उंबऱ्यावर बसली.

"नऊ वर्षांपूर्वी तू मला सगळ्यांसमोर जे बोललीस, ते मला फार लागलं होतं. पण मी ते मनातून काढून टाकलं आहे. मी तुला क्षमा केली आहे. तूही आता मनावर ओझं ठेवू नकोस."

तिने हातातली बशी खाली ठेवली. मग हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"तुम्ही मले माफ केलं?"

"हो."

"वा बाई! म्हनजे मार तुमीच द्याचा न मलम बी तुमीच लावाचा! तुमी काय बोलल्या होत्या ते आहे का ध्यानात?"

"मी स्वच्छतेविषयी सांगितलं होतं."

"नाई." ती उठून उभी राहिली. आणि मग तिने माझ्यासारखी मान ताठ करून, माझ्यासारखा एक-एक शब्द तोडत म्हटलं, "शेवंता, तुझ्या हातांना मासळीचा वास येतो. आणि तो साबणाने जाणारा नाही. प्रभूच्या मेजाला असे हात लागायला नकोत."

आत मुलांचे अंक थांबले होते.

"तीनदा हात धुतले होते मी त्या दिवशी," शेवंता म्हणाली. "रिठ्यानं. माहा भाऊ सकाळीच मासोळी देऊन गेला होता, म्हनून तीनदा. न तुमी म्हनल्या साबनानं जानार नाई. कोनता वास म्हनून राह्यल्या होत्या तुमी, ते मले समजत नव्हतं का? येशूच्या मागं पहिले कोन गेले होते बाई? मासोळी धरनारेच ना? त्यायचे हात कोनी हुंगले होते?"

खोटं आहे, असं म्हणायची सोयच नव्हती. ते वाक्य माझंच होतं. इतकं जुळवलेलं वाक्य मूलमध्ये दुसरं कोण बोलणार होतं? तिने मला दिलेलं उत्तर मी नऊ वर्षं शब्दन्‌शब्द जपून ठेवलं होतं आणि माझं वाक्य त्याच दिवशी विसरून गेले होते.

"म्हनून मी मेजाच्या आधी उठून जातो," ती म्हणाली. "असे हात घेऊन कशी येऊ?"

मी पिशवी उचलली आणि घरी आले.

चुकलेला बुधवार

बुधवारी मी गेले नाही. खोटं लिहीत नाही. सायराबीचं बोलणं मला आठवत होतं. औषध रुसलं की मनवता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी पाय उचलेना. त्या ओसरीवर पुन्हा तोंड उघडून बसायचं, या विचारापेक्षा आजार बरा वाटत होता. अहंकार माणसाला कुठवर नेतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. स्वतःच्या फुप्फुसापर्यंत.

गुरुवारी सकाळी फाटक वाजलं. शेवंता. एका हातात माझ्या नावाची पेटी, दुसऱ्या हातात झाकण ठेवलेली वाटी.

"काल काऊन नाई आल्या?"

"बरं नव्हतं."

"बरं नाई म्हनून तर गोळ्या आहेत." ती सरळ आत आली, स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. "भांडन आपलं आहे बाई. गोळ्यायनं काय केलं? खा पहिले हे."

मी पेज खाल्ली. सात गोळ्या घेतल्या. न सांगता तोंड उघडलं. मग म्हणाले, "शेवंता, मी चुकले. मला माफ कर."

या वेळी कागद नव्हता.

ती पेटीचं झाकण लावत राहिली. "ऐकलं," ती म्हणाली.

"म्हणजे राग गेला का?"

"नाई गेला. नऊ वर्साचा आहे. तुमचा खोकला तीन महिन्यांचा, त्याले सहा महिने गोळ्या लागून राह्यल्या. माह्या रागाले किती लागन, तुमीच हिसाब करा." दारात जाऊन ती वळली. "न एक सांगू? बोलल्या तुमी चौघींत. माफी मातर घरात, दार लावून."

"दार उघडं आहे," मी म्हणाले.

"हो, पन आयकनारी मी एकटी आहे ना."

शुक्रवारी मी गेले. पुन्हा एकही खेप चुकवली नाही.

पुढचे महिने

दोन महिन्यांनी थुंकी तपासली, साफ निघाली. गोळ्या कमी झाल्या, फक्त सोमवारी ओसरीवर जायचं राहिलं. आम्ही बोलू लागलो होतो. तिच्या भावाच्या जाळ्याविषयी, अंगणवाडीच्या कुजक्या तांदळाविषयी, तुझ्याविषयी, रिया, तू येणार असल्याचं कळलं तेव्हा. शेवंता जोकही करायची. "बाई, आज शेंबडा बंड्या म्हने, त्या आजीले का शिक्षा झाली आहे, रोज तोंड उघडून दाखवते?" पण त्या एका गोष्टीविषयी ती पुन्हा बोलली नाही. रविवारी ती मेजाच्या आधी उठून जातच होती.

काय करायचं ते तिने मला सांगून ठेवलं होतं. तीन शुक्रवार मी तयारीच्या सभेला गेले. पाळकसाहेबांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी बाकावर बसून राहिले. एकदा दम लागतो म्हणून, एकदा शेवंता आलेली नाही म्हणून, एकदा काहीच कारण नव्हतं. सभेतल्या निम्म्या माणसांना मी शिकवलं होतं. त्यांच्यापुढे हे सांगायचं होतं. मात्र त्या तीन महिन्यांत मी प्रभुभोजनही घेतलं नाही. पुढचा बाक सोडून मी मध्यावर बसू लागले. आजारामुळे असेल, असं सगळे धरून चालले.

उपचाराच्या शेवटच्या सोमवारी मी शेवंताला म्हणाले, "या शुक्रवारी सभेला ये."

"कायले?"

"ये म्हणते ना."

"ऑर्डर आहे का?"

"विनंती आहे."

तिने भुवया वर केल्या. "पाहीन," म्हणाली.

शुक्रवारची सभा

ती आली. मागच्या बाकावर, दाराशी. तीस-पस्तीस माणसं असतील. प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

मी उठले. पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला.

"मी नऊ वर्षांपूर्वी मेजाच्या तयारीच्या वेळी शेवंताच्या हातांविषयी बोलले," मी म्हणाले. काय बोलले तेही सांगितलं, पूर्ण वाक्य, काही न गाळता. "मी तिच्या जातीला बोलले आणि त्याला स्वच्छता असं नाव दिलं. वर नऊ वर्षं वाट पाहिली की तिने माझी माफी मागावी. त्याच हातांनी तिने मला सहा महिने औषध दिलं आहे. मी तुम्हा सगळ्यांसमोर तिची माफी मागते."

त्या दिवशी तयारीला असलेल्या दोघी तिथे होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांनीही तेव्हा ऐकलं होतं, आणि त्याही गप्प राहिल्या होत्या.

मागून शेवंताचा आवाज आला. "मी बी छडीचं बोलली होती. ते खोटं नव्हतं, पन बोलाचं नव्हतं चार लोकांत." दोघं-तिघं हसले. मीही. "मले अजून सगळं जमलं नाई, पाळकसाहेब. मी खोटं कायले सांगू? पन बाई आता बसल्या तर बरं होईन. दम लागून राह्यला त्याहिले."

मी बसले. ती उठून पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. हात धरला नाही. खांद्याला खांदा लागेल इतकं सरकून मात्र बसली.

बाहेर पडताना मी विचारलं, "उद्या मेजाच्या तयारीला येशील?"

"नाई," ती म्हणाली. "ते काम मले नाई करनं. तुमीच करा." मी पुन्हा विचारलं नाही. ते दार मी बंद केलं होतं. ते उघडायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं.

रविवार

आमच्या मंडळीत सगळ्यांना एकच प्याला असतो. तो बाकावरून हातोहात पुढे जातो आणि पाळकसाहेब बरोबर चालत कापडाने कड पुसत जातात. मी ठरवून आले होते की प्याला आला की तोंड न लावता पुढे द्यायचा. माझ्यानंतर प्यायला लोक कचरतील, त्यांना अवघडवायचं कशाला?

पांढरं कापड काढलं. शेवंता त्या दिवशी मागच्या बाकावर न जाता माझ्या शेजारी येऊन बसली होती. ती उठली नाही. प्याला माझ्या हातात आला तसा मी तो तिच्याकडे वळवला.

"घ्या ना," ती म्हणाली. कुजबुजायची तिला सवय नाही, चार बाकांना ऐकू गेलं. "रिपोर्ट साफ आहे. मी सोता पाह्यला."

मी प्यायले. पाळकसाहेबांनी कड पुसायला हात पुढे केला, त्याआधीच तिने प्याला माझ्या हातून घेतला आणि दोन्ही हातांत धरून प्यायली. नऊ वर्षांनी. मग पुढच्या बाईला दिला.

पाळकसाहेब शेवटची प्रार्थना म्हणत होते, पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

पायऱ्या उतरताना मला दम लागला नाही. शेवंता चपला घालत म्हणाली, "मंग उद्या येजा, साडेनऊला."

"अगं, गोळ्या तर संपल्या."

"गोळ्या संपल्या म्हनून का बसनं बंद करता?"

सोमवारी मी वेळेवर गेले. त्या दिवशी अंगणवाडीच्या खिचडीत मीठ जास्त झालं आहे असं मी म्हणाले, आणि ती म्हणाली की आजारानं माझ्या जिभेची चवच गेली आहे. आम्ही चांगल्या कडाकडा भांडलो. अकराच्या आत मिटलं.

तुमची आजी